खांद्याला काय मानवते, डंबेल की मशीन?

धाकटा मुलगा नीटच्या तयारीसाठी लातूरला राहतो. गेल्या महिन्यात त्याचा फोन आला, "अब्बू, दिवसभर पुस्तकावर वाकून खांदे आखडलेत. जिमला जाऊ का?" मी लगेच हो म्हणालो. आठवड्याने पुन्हा फोन. तिथे एक जण सांगतो खांद्याचा व्यायाम मशीनवरच कर, दुसरा म्हणतो मशीन बायकांचं काम, मर्दाने डंबेल उचलावेत.

दुसऱ्याचे बोलणे मी सोडून दिले. स्नायूला बाई-पुरुष कळत नाही. पण प्रश्न खरा होता, आणि खांद्याशी माझी स्वतःची जुनी ओळख आहे. वीस वर्षे फळ्यावर हात उंचावून लिहिले. मागच्या हिवाळ्यात उजवा हात कानापर्यंत जाईना. तकबीरेलाही तो अर्ध्यावर थांबू लागला. नांदेडच्या डॉक्टरांनी सांगितले की खांदा गोठलाय, आणि शुगर असणाऱ्यांत हे जास्त आढळते. तेव्हापासून खांद्याबद्दल मिळेल ते वाचतो.

शाळेत आपण लिंबू-चमचा शर्यत घेतो ना, खांद्याचा सांधा अगदी तसाच आहे. दंडाच्या हाडाचा गोळा मोठा आणि तो ज्या खोबणीत बसतो ती उथळ. म्हणून हात सगळ्या बाजूंना फिरतो, आणि म्हणूनच तो निसटायलाही सोपा. लिंबू चमच्यात धरून ठेवायचे काम आतले चार लहान स्नायू करतात. बाहेरून गोलाई दिसते तो वरचा मोठा स्नायू. आरशात पोरांना तेवढाच दिसतो.

मशीनचा दांडा ठरलेल्या वाटेनेच वर-खाली होतो. तोल सांभाळावा लागत नाही, हात थकला तर वजन अंगावर येत नाही, शिकवणारा जवळ नसला तरी चालते. नवख्याला हे फार सोयीचे. मात्र ती वाट सरासरी उंचीच्या माणसासाठी आखलेली असते. आसन आपल्या मापाला लावले नाही तर खांदा चुकीच्या कोनात ढकलला जातो. डंबेलचे उलटे. हात आपली वाट स्वतः शोधतो, डावा कमजोर असेल तर उजवा त्याचे ओझे उचलू शकत नाही, आणि ते आतले चार स्नायूही जास्त कामाला लागतात. पण ढब चुकली तर सावरणारे कोणी नसते.

अलीकडच्या संशोधनातून दिसते ते असे: स्नायू दोन्हींनी सारखेच वाढतात. ताकद मात्र ज्यावर सराव केला त्यात जास्त दिसते.

आपल्याकडे हा वाद नवाच. आर्थर जोन्स यांची नॉटिलस यंत्रे अमेरिकेत 1970 च्या सुमारास विकू लागली. त्याच 1970 साली निलंगा तालुक्यातल्या रामलिंग मुदगडच्या हरिश्चंद्र बिराजदारांनी एडिनबरोच्या राष्ट्रकुल स्पर्धेत कुस्तीचे सुवर्णपदक जिंकले. आखाड्यातल्या पहिलवानांचे खांदे जोर आणि मुद्गल यांवर तयार होत आले. मुद्गलाचे वजन मुठीपासून लांब असते, त्यामुळे ते डोक्यामागून फिरवताना थोडक्या वजनातही खांद्याला सगळ्या दिशांनी काम पडते. जाता जाता सांगतो, 'तालीम' हा शब्द अरबीतला, अर्थ शिक्षण. आणि 'वस्ताद' म्हणजे आपला उस्तादच. मी शाळेत जे करतो तेच नाव आखाड्याला आहे, हे मुलांना सांगितले की ती हसतात.

तर मुलाला मी असे सांगितले. पहिले सहा-आठ आठवडे मशीन, आसन नीट लावून. सोबत दोन-तीन किलोचे डंबेल, ढब शिकण्यापुरते. पुढे डंबेल मुख्य ठेव, आणि शेवटी थकलेल्या हाताने मशीन. एका वेळी आठ ते बारा वेळा जमेल एवढेच वजन. वर ढकलताना कोपरे शरीराच्या किंचित पुढे असू देत. मानेमागून दांडा खाली आणायचा व्यायाम कोणी सांगितला तरी करू नकोस. माझ्या भाच्याचा खांदा त्यातच दुखावला आणि पोरगा तीन महिने शर्टात हात घालताना कण्हत होता. डोक्यावर बारबेल एकट्याने नको. जेवढे ढकलशील तेवढेच मागे ओढ, तुझे खांदे वाकून पुढे आलेत म्हणून तर हे सगळे. थकवा चालेल, सांध्यात टोचले तर थांब.

घरातल्या भगिनींना जिम जमत नसेल तर पाण्याने भरलेली लिटरची बाटली म्हणजे एक किलोचा डंबेल. माझी बेगम अस्रनंतर दोन बाटल्या घेऊन बसते, मीही तिच्या शेजारी. खांदा गोठलेला असेल तर मात्र आधी डॉक्टर, मग बाटली.

परवा मुलाने विचारले, "दादाजानचे मुद्गल माळ्यावर आहेत ना? ईदला आलो की लातूरला नेऊ?"

म्हटलं, ने. पण खोलीतला पंखा किती उंचावर आहे ते आधी मोज.