कान थांबत नाही, चिठ्ठी थांबते

आमच्या एमआयडीसीतल्या एका ओळखीच्या कामगाराला सकाळी उठल्यावर डाव्या कानाने ऐकूच येईना. ईएसआयचं कार्ड खिशात. पण आधी दवाखान्याची रेफरल चिठ्ठी, मगच कान-नाक-घशाचा डॉक्टर. तीन हेलपाटे, आठवडा गेला!

पगारातून ०.७५ टक्के कापतात, मालक ३.२५ टक्के भरतो. म्हणजे हे उपकार नव्हेत, हक्क आहे. चिठ्ठीला माझा विरोध नाही. कानातल्या मळासाठी तज्ज्ञाकडे गर्दी कशाला? पण अचानक आलेल्या बहिरेपणात पहिले दोन आठवडेच मोलाचे असतात. त्याला चिठ्ठी त्याच दिवशी मिळालीच पाहिजे.

तोवर मित्रांनो, नुसतं "कान दुखतोय" म्हणू नका. "कालपासून ऐकू येत नाही" असं सांगा आणि केसपेपरवर तारखेसकट लिहून घ्या.