परप्रांती एक सत्र

चार दिवसांच्या सहलीत देवळे पाहून होतात. माणसे मात्र पाहावयाची राहून जातात. म्हणून महाविद्यालयीन विद्यार्थ्याने विद्यार्थी-विनिमयाच्या योजनेतून एक सत्र, म्हणजे अर्धे वर्ष, परप्रांतातील विद्यापीठात काढणे हितावह होय.

पुण्याचा एक विद्यार्थी भुवनेश्वरच्या उत्कल विद्यापीठात गेला, अशी कल्पना करा. माथ्यावर सरळ रेषेऐवजी कमान असलेली ओडिया अक्षरे त्यास वाचता येणार नाहीत. पानात पखाळ, म्हणजे पाण्यात भिजवून आंबवलेला भात, येईल. सोबती हसतील, पण त्यास विनोद कळणार नाही. परंतु दोन-तीन महिन्यांत अक्षरे ओळखीची होतील आणि नवख्या माणसास तोच वाट दाखवू लागेल.

अशाने वर्ष फुकट जाईल, ही पालकांची शंका अगदीच निराधार नाही. तथापि अन्यत्र मिळविलेले श्रेयांक जमा राहावेत, यासाठी विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२१ साली नियम केले आहेत. दोन्ही विद्यापीठांची संमती मात्र आधी घ्यावी.

मग यातून खरा लाभ कोणता? परकेपण ज्याने स्वतः सोसले, तो आपल्या वर्गात आलेल्या परप्रांतीय मुलास एकटे बसू देणार नाही; प्रथम त्याच्या शेजारी जाऊन बसेल.