पक्षियादीतली खाडाखोड

भारतात नोंदलेल्या पक्ष्यांची यादी सुधारली की बातमी होते ती नव्याने दाखल झालेल्या नावांची. वगळलेल्या नावांवर मात्र कुरबूर सुरू होते. जुन्याजाणत्यांनी नोंदवलेला पक्षी आजच्या मंडळींनी कोणत्या अधिकाराने खोडायचा, असा त्या कुरबुरीचा सूर असतो. 2016 साली जे. प्रवीण, राजा जयपाल आणि आशिष पित्ती यांनी ‘इंडियन बर्ड्स’ या नियतकालिकात 1,263 जातींची यादी प्रसिद्ध केली, तीही जुन्या नोंदी पुन्हा पारखून. या पारखण्यात काहींना पूर्वसूरींचा अवमान दिसतो. मला वाटतं, यादीची विश्वासार्हता तिच्यात किती नावं आहेत यावर ठरत नाही. चुकीचं नाव खोडण्याची तिची तयारी किती, यावर ठरते.

मोठ्या माणसाच्या शब्दावर विसंबण्याची किंमत महाराष्ट्राच्या रानपिंगळ्याने मोजली आहे. या घुबडाचे अस्सल नमुने 1884 पर्यंतचेच. पण रिचर्ड माइनर्ट्झहागेन या ब्रिटिश अधिकाऱ्याच्या संग्रहात 1914 साली गुजरातेत मांडवीला मिळवल्याची चिठ्ठी लावलेला एक नमुना होता, आणि तो कैक वर्षं खरा मानला गेला. पक्षिशास्त्रज्ञ पामेला रासमुसेन यांच्या तपासात उघड झालं, की तो जेम्स डेव्हिडसन यांनी खानदेशात मिळवलेला जुना नमुना होता. चोरून, नव्याने भरून त्यावर खोटी चिठ्ठी लावली होती. मांडवीचा नाद सोडून अस्सल नमुन्यांच्या ठिकाणी शोध घेतला, तेव्हा नोव्हेंबर 1997 मध्ये शहाद्याजवळ रानपिंगळा जिवंत सापडला. खोटी नोंद खोडली म्हणून पक्षी हरवला नाही. उलट त्याचा माग लागला.

यावर काही जण दुसऱ्या टोकाला जातात: मग भुसा भरलेलं कातडं हाती असल्याशिवाय नोंदच घेऊ नका. पण माइनर्ट्झहागेनकडे कातडंच तर होतं! खरं बोलायचं तर त्याची लबाडी पकडून दिली तीही त्या कातड्यानेच, कारण ते संग्रहालयात जपलेलं होतं आणि पुन्हा तपासता आलं. म्हणजे मुद्दा पक्षी मारण्याचा नसून पुरावा जपण्याचा आहे. रमणा आत्रेय यांनी 2006 साली अरुणाचलातल्या ईगलनेस्टमधून ‘बुगुन लिओसिक्ला’ ही नवी जात मांडली, ती पिसं, छायाचित्रं आणि आवाजाच्या ध्वनिमुद्रणावर. मोजकेच पक्षी दिसलेल्या जातीतला एकही त्यांनी मारला नाही. अर्थात छायाचित्रही भलत्या जागेचं म्हणून खपवता येतं, तेव्हा त्यालाही हीच उलटतपासणी हवी.

तिसरा आक्षेप असा, की एका जातीच्या दोन करून आकडा फुगवला जातो. 2016 मध्येच हिमालयातल्या एका कस्तुराच्या गटातून नवी जात वेगळी काढून तिला सालिम अली यांचं नाव देण्यात आलं. दिसायला हे पक्षी जवळजवळ सारखे. पण एक जंगलात सुरेल गातो, तर दुसरा झाडरेषेच्या वर खडकाळ माळावर कर्कश आवाज काढतो, आणि जनुकंही हा भेद सांगतात. हे पुरावे डावलून आकडा जुनाच ठेवणं म्हणजे आळसाला परंपरा म्हणणं. उलट पर्वती लाव्हा 1876 नंतर खात्रीने कुणाला दिसलेला नाही, तरी यादीत आहे, कारण त्याचे अस्सल नमुने आहेत. दिसेनासा झालेला पक्षी यादीतून जात नाही. जातो तो पुराव्याअभावी.

राहिला शेवटचा प्रश्न: दरवर्षी बदलणाऱ्या यादीवर भरवसा कसा ठेवायचा? सातबाऱ्यावर फेरफार चढला म्हणून कुणी उतारा खोटा ठरवत नाही. नोंद क्रमांकाशिवाय बदलली, तर धास्ती वाटते. पक्षियादीकडूनही तेवढंच मागायला हवं. नाव घालताना आणि काढताना कारण छापावं, आणि वगळलेली नावं वेगळ्या पानावर जपावीत, म्हणजे उद्या भक्कम पुरावा घेऊन येणाऱ्याला दार उघडं सापडेल.