चिखलाचे पाय घरी येतात तेव्हा

आषाढातला पाऊस रंकाळ्यावर उतरला की आमच्या शिवाजी पेठेत दारोदारी छत्र्या निथळू लागतात. वाचकहो, अशाच एका संध्याकाळी आमच्या गल्लीतील एका घरी महाविद्यालयात शिकणारी नात गुडघाभर चिखल माखून परतली. राष्ट्रीय सेवा योजनेच्या स्वयंसेवकांची तुकडी पन्हाळ्यापलीकडच्या एका गावी भाताच्या रोपलावणीस गेली होती. न्हाणीकडे निघालेल्या नातीला अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या आजींनी थांबवले आणि विचारले, "एका जागी किती काड्या लावल्यास गं?"

नातीला सांगता येईना. "हातात येतील तेवढ्या," ती म्हणाली. आजींनी भाजीच्या टोपलीतली कोथिंबिरीची जुडी मागवली, तिच्यातल्या दोन-तीन काड्या वेगळ्या काढल्या आणि तीन बोटांच्या चिमटीत धरून दाखवल्या. एवढ्याच लावायच्या, वरच्यावर लावायच्या. खोल रोवल्या तर फुटवे कमी येतात. आजींचे माहेर गगनबावड्याकडचे. यजमान गेल्यापासून वर्षभर त्या अगदी मोजके बोलत. त्या रात्री जेवण झाल्यावरही त्या बोलत होत्या, आणि मग त्यांनी चक्क एक भलरी म्हटली. "आईंना भलरी येते, हे मला बावीस वर्षांत ठाऊक नव्हते," असे त्यांची सून मला दुसऱ्या दिवशी म्हणाली. तिच्या स्वरात आनंद होता, आणि थोडी खंतही.

आपण वृद्धांना औषधे वेळेवर देतो, रक्तदाब मोजतो. परंतु त्यांना विचारावे असे आपल्याजवळ फारसे काही उरत नाही. शेतावरून परतलेल्या विद्यार्थ्याजवळ मात्र प्रश्नच प्रश्न असतात.

या विद्यार्थ्यांचे श्रमदान ही काही नवी गोष्ट नाही. राष्ट्रीय सेवा योजना २४ सप्टेंबर १९६९ रोजी, गांधीजींच्या जन्मशताब्दी वर्षात, ३७ विद्यापीठांत सुरू झाली. आपल्याच जिल्ह्यातील कुंभोज येथे जन्मलेल्या कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि 'कमवा आणि शिका' या मार्गाने मुलांच्या हाती पुस्तकाबरोबर कुदळही दिली. त्याही आधीपासून आपल्या खेड्यांत इरजिक होतीच. एखाद्याचे शेत मागे पडले की शेजारी आपापली औते घेऊन येत, दिवसभर राबत. मालक त्यांना पोटभर जेवू घाली, मजुरीचा प्रश्नच नसे. आजच्या मुलांना 'स्वयंसेवा' हा शब्द ठाऊक असतो, 'इरजिक' आणि 'पैरा' हे ठाऊक नसतात. हे शब्द आपल्या घरच्या थोरांजवळ आहेत.

दूरच्या हवाई बेटांवर हेच निराळ्या रीतीने चालते. तेथील विद्यार्थी पाणथळ वाफ्यांत उतरून तण काढतात, कंद लावतात आणि ते करता करता आपली भाषा व कुळकथा शिकतात. ते पीक कोणते, ठाऊक आहे? आपले अळू! तेथे त्याला 'कालो' म्हणतात. अळू हे माणसाचे थोरले भावंड आहे, अशी त्यांची पुराणकथा आहे. कुटुंबाला ते 'ओहाना' म्हणतात आणि हा शब्द अळूच्या मूळ कंदाला फुटणाऱ्या पिलांच्या नावावरून आला, असे सांगतात. शिजवून कुटलेल्या कंदाचा 'पोई' नावाचा मऊ लगदा तेथे तान्ह्या मुलांना आणि म्हाताऱ्यांना भरवतात. आपल्याकडे अळूवडीत चिंच का घालायची, हे मात्र आजीलाच विचारावे लागते. अळूत कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात, त्यांनी घसा खवखवतो. चिंच-कोकमाच्या आंबटपणाने आणि नीट शिजवण्याने तो त्रास कमी होतो. ज्यांना मूतखड्याचा त्रास आहे, त्यांनी मात्र अळू बेतानेच खावे.

आता त्या चिखलाची दुसरी बाजू. आठ-दहा दिवसांनी नातीला थंडी वाजून ताप आला. घरचे पावसाळी ताप समजून स्वस्थ होते, "पोटऱ्या ठणकतात," असे ती म्हणाली तेव्हा आजीच म्हणाल्या, "पोर चिखलात उतरली होती, ते डॉक्टरांना सांगा." ते सांगितल्यामुळे डॉक्टरांनी लेप्टोस्पायरोसिसची शंका घेऊन तपासणी करवली आणि लगोलग औषध सुरू केले. चार दिवसांत ताप उतरला. उंदीर, गुरे, कुत्री यांच्या मूत्रातून पाण्यात आलेले हे जंतू त्वचेवरील जखमेतून किंवा डोळे, नाक, तोंड यांतून शरीरात शिरतात. लक्षणे बहुधा एक-दोन आठवड्यांत दिसतात: ताप, डोकेदुखी, लाल डोळे, पोटऱ्यांत तीव्र वेदना. कावीळ दिसली किंवा लघवी कमी झाली तर क्षणही दवडू नये. हवाईतही अळूच्या वाफ्यांत उतरणाऱ्यांना या रोगाबद्दल सावध केले जाते. म्हणून पायाला चीर असेल तर त्या दिवशी चिखलात उतरू नये, शक्य तेथे गमबूट वापरावेत आणि परतल्यावर साबणाने स्वच्छ धुवावे.

आपल्या घरातील वृद्धांना शेत पाहण्याची ओढ असेल तर ती मोडू नका. मात्र मधुमेह असलेल्यांना चिखलात अनवाणी जाऊ देऊ नये. पायाची संवेदना कमी झालेली असते, काटा रुतलेला कळतही नाही. बांधावर खुर्ची, डोक्यावर सावली, पाण्याची बाटली आणि नेहमीच्या औषधांची पिशवी एवढी तयारी असली की दोन तास सुखाने जातात.

दिवाळीच्या सुमारास ती तुकडी कापणीसाठी पुन्हा त्याच गावी जाणार आहे, आणि या खेपेस आजीही बरोबर निघणार आहेत. डॉक्टरांची संमती मिळाली आहे. आजींची अट एकच: दुपारच्या जेवणाला विकतचे डबे नकोत, भाकरी आणि झुणका हवा. सुनेने पीठ दळून आणायला आताच सांगून ठेवले आहे.