कुंपण गल्ल्याचे आहे



वेगवेगळ्या गेम कन्सोलवरून एकत्र ऑनलाइन खेळणे ‘तांत्रिकदृष्ट्या अशक्य आणि मुलांसाठी असुरक्षित’, हे आपल्या लेखातले विधान चुकीचे आहे. ‘फायनल फँटसी ११’मध्ये प्लेस्टेशन २ आणि संगणकावरचे खेळाडू २००२ मध्येच एकत्र खेळत होते. मुलांच्या सुरक्षेची सबब २०१७ मध्ये प्लेस्टेशनवाल्या सोनीने दिली होती. सप्टेंबर २०१८ मध्ये ‘फोर्टनाइट’साठी तिनेच दार उघडले. पुढे ‘फोर्टनाइट’वाल्या एपिकच्या ॲपलविरुद्धच्या खटल्यात कळले, की अशा एकत्र खेळण्यासाठी सोनी काही वेळा प्रकाशकांकडून भरपाईही घेत होती. मग धोका कुणाला होता, मुलांना की गल्ल्याला?

नेमबाजीच्या खेळांत माऊसवाल्याचा नेम कंट्रोलरवाल्यापेक्षा सरस, एवढे मान्य. पण तो संगणकाचा प्रश्न. दोन कन्सोलमध्ये कसला? आमच्या भिवंडीत यूपीआयने पैसे देताना दुकानदाराचे ॲप कुणी विचारत नाही; मग खेळताना समोरच्याचा कन्सोल का विचारावा?

– एक वाचक, पद्मानगर, भिवंडी