दोन बिलं, एकच नेट

“दोन-दोन बिलं भरायलो भाऊ, मग नेट एकच कसं चालायलंय?”

जवळा बाजारच्या आमच्या एका वर्गणीदाराने हा सवाल पत्रात जसाच्या तसा उतरवून पाठवला आहे. विचारणारे गिऱ्हाईक आडतीवर बसणारे. घरी एक डेस्कटॉप. त्याला मागून फायबरची ५० एमबीपीएसची वायर, शिवाय सिमवर चालणाऱ्या राउटरचे वायफाय, तेही ३० च्या आसपास देणारे. कॉम्प्युटर दोन्ही जोडलेले दाखवतो, पण मोठी फाइल उतरवायला घेतली की आकडा ५० च्या पुढे सरकत नाही. हळदीच्या काट्यापाशी आयुष्य गेलेल्या माणसाचा हिशेब सरळ असतो: ५० आणि ३० म्हणजे ८०, मग वरचे ३० कुणी खाल्ले? आमच्या वर्गणीदाराला उत्तर देता आले नाही. त्याला दोष कसा द्यावा? जोडणी करणारे, दुरुस्तीचे दुकान टाकून बसलेले, सेवा केंद्र चालवणारे असे आपण सगळेच ‘डबल नेट घ्या, डबल स्पीड मिळेल’ म्हणत आलो आहोत. हे दुखणे आपणच ओढवून घेतलेले आहे.

आधी कॉम्प्युटर नेमके काय करतो ते पाहू. बाहेर जाणारे प्रत्येक पॅकेट त्याला कुठल्या तरी एका दाराने काढावे लागते. या दाराला आपण डीफॉल्ट गेटवे म्हणतो. दारे दोन असली तर ज्याचा मेट्रिक कमी ते दार उघडे, दुसरे नुसते लोटलेले. मेट्रिक विंडोज स्वतःच ठरवते आणि तेही कार्डाचा लिंक स्पीड बघून. गिगाबिट वायर असली की आकडा २५, म्हणजे सहसा वायफायपेक्षा कमी. पण हा वेग कॉम्प्युटरपासून राउटरपर्यंतच्या दोन हात वायरीचा. राउटरच्या पलीकडे कंपनी १० देते की १००, याचा विंडोजला पत्ता नसतो. त्यामुळे फायबर रखडत असले आणि शेजारी सिमचा राउटर मोकळा पडला असला, तरी सगळा माल वायरीनेच जात राहतो. दुसरी लाइन दावणीला बांधलेली, फक्त वैरण खाणारी. ओएनटीच्या, म्हणजे फायबरच्या पेटीच्या, १०० एमबीच्या पोर्टात वायर घातली असेल तर मेट्रिक बदलतो आणि कधीकधी वायफाय बाजी मारते. मग तेच गिऱ्हाईक उलटी तक्रार घेऊन दारात उभे राहते.

यावर आपल्यातले काही जण करतात तो उपाय रोगापेक्षा वाईट आहे. दोन्ही कार्डे निवडायची आणि ‘ब्रिज’वर क्लिक करायचे. ब्रिजने दोन लाइनींची बेरीज होत नाही. दोन वेगळ्या जाळ्यांचे एकच जाळे होते. मग त्या एका जाळ्यात पत्ते वाटणारे दोन राउटर एकमेकांच्या अंगावर येतात आणि चालू असलेले एक नेटही बंद पडते. दुसरी गोष्ट इतकी साधी की सांगायला संकोच वाटतो, पण तक्रारींच्या मुळाशी ती वारंवार सापडते: दोन्ही राउटरांचा पत्ता १९२.१६८.१.१. एका गावात एकाच नावाचे दोन पाटील असल्यावर टपाल कुणाकडे जाणार? एकाचा पत्ता बदलून १९२.१६८.२.१ करा. दोन मिनिटांचे काम आहे, आणि पुढचे सगळे त्याच्यावर उभे आहे.

बेरजेचा हिशेब एके काळी खरा होता, हेही गिऱ्हाइकाला सांगायला हरकत नाही. विंडोज ९८ मध्ये दोन मोडेम आणि दोन फोन लाइनी एकत्र जोडण्याची सोय होती. आयएसडीएनमध्ये ६४ केबीपीएसचे दोन चॅनेल मिळून सरळ १२८ होत. त्यामागचा नियम मल्टिलिंक पीपीपी. तो १९९४ साली आला आणि १९९६ साली सुधारला गेला. तेव्हा बेरीज जमत होती, कारण दोन्ही तारा एकाच कंपनीच्या एकाच यंत्रावर जाऊन उतरत. इकडे तुकडे करून क्रमांक घालायचे आणि तिकडे क्रमांकाने परत जुळवायचे, या कामाला दोन्ही टोकांना माणूस हजर होता. एका जुवाखाली दोन बैल, आणि दोघांचा कासरा एकाच गाडीवानाच्या हातात.

आज आपण बांधतो ती बैलजोडी नव्हे. त्या दोन वेगळ्या गाड्या आहेत, गाडीवान वेगळे, रस्ते वेगळे. दहा पोती असतील तर पाच या गाडीत, पाच त्या गाडीत टाकता येतात. पण एकच पोते उसवून अर्धी हळद इकडून आणि अर्धी तिकडून धाडली, तर मोंढ्यात ते पोते पुन्हा शिवून देणारा कोण? टीसीपीचे एक कनेक्शन म्हणजे असे एक पोते. ते ज्या आयपी पत्त्यावरून सुरू झाले त्याच पत्त्याशी बांधलेले असते. मध्येच दुसऱ्या पत्त्यावरून त्याचा तुकडा आला, तर पलीकडचा सर्व्हर त्याला ओळख देत नाही.

शिवणारा माणूस बसवण्याचे प्रयत्न झाले आहेत. मल्टिपाथ टीसीपीची पहिली आवृत्ती २०१३ साली प्रसिद्ध झाली, त्याच वर्षी ॲपलने ती सिरीसाठी वापरली. २०२० मध्ये सुधारित आवृत्ती आली आणि लिनक्सच्या ५.६ कर्नेलमध्ये ती बसली. पण त्यासाठी पलीकडच्या सर्व्हरलाही ही भाषा यावी लागते, आणि आपली गिऱ्हाइके जातात त्या बहुतेक साइट्सना ती येत नाही. दुसरा मार्ग भाड्याच्या सर्व्हरचा. दोन्ही लाइनींवरचा माल आधी त्या सर्व्हरवर न्यायचा, तिथे शिवायचा, मग पुढे धाडायचा. हे खरोखर चालते. मात्र दरमहा भाडे पडते, प्रत्येक पॅकेटला वळसा पडतो, मंद लाइन अडखळली की वेगवान लाइनही तिची वाट पाहत थांबते, आणि साइटला घरच्या पत्त्याऐवजी डेटा सेंटरचा पत्ता दिसतो, जो काही बँकांना आणि सरकारी पोर्टलांना चालत नाही. हरिनाम सप्ताहातले कीर्तन किंवा मोठ्या लग्नाचे थेट प्रक्षेपण करणाऱ्याने हा खर्च जरूर करावा. घरच्या डेस्कटॉपसाठी तो गळ्यात मारू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे.

घरासाठी योग्य तो दोन वॅन पोर्टांचा राउटर. मायक्रोटिक असेल तर पीसीसी, ओपनडब्ल्यूआरटी असेल तर एमवॅन३, किंवा बाजारात मिळणारा लोड बॅलन्स राउटर. हे सगळे पोती वाटतात, पोते फाडत नाहीत. कॉम्प्युटरवर फाइल उतरतेय, टीव्हीवर मालिका चालू आहे, दोन मोबाइलांत काहीबाही सुरू आहे, अशा वेळी दोन्ही लाइनी मिळून ८० च्या जवळ जातात. एकटी फाइल मात्र ५० मध्येच राहते. आणि इथे आपल्या धंद्यातली एक चलाखी उघड सांगायला हवी. वेग मोजणाऱ्या साइट्स एकाच वेळी अनेक कनेक्शने उघडतात, म्हणून अशा राउटरवर त्या ७५-८० दाखवतात. तो आकडा दाखवून पैसे घेऊन निघून येणारे आपल्यात आहेत. दुसऱ्या दिवशी गिऱ्हाईक एकच मोठी फाइल उतरवते आणि पुन्हा पत्रातला सवाल उभा राहतो. दोन्ही चाचण्या त्याच्या समोर, त्याच दिवशी करा. वाद तिथेच मिटतो.

वाटणी करताना एक पथ्य आहे. बँकेचे पान, परीक्षेचा अर्ज, पीक विम्याचा फॉर्म असे काही चालू असताना एक कनेक्शन एका लाइनीने आणि पुढचे दुसऱ्या लाइनीने गेले, तर पोर्टलला मध्येच माणूस बदलल्यासारखे वाटते आणि ते लॉगिन काढून टाकते. ओटीपी येऊन पडलेला असतो आणि पान मात्र पहिल्यापासून. म्हणून ज्या कॉम्प्युटरवर अर्ज भरले जातात तो नियम लिहून एकाच लाइनीला बांधा. टीव्ही आणि मोबाइलांचे अपडेट दुसरीकडे ढकला. घरी सीसीटीव्ही असेल आणि तो बाहेरून पाहायचा असेल तर तेही फायबरकडेच ठेवा. सिमच्या लाइनीला बहुधा स्वतःचा सार्वजनिक पत्ता नसतो.

एवढे सगळे झाल्यावर प्रश्न उरतो की दुसरी लाइन घ्यावीच कशाला. जवळा बाजारात त्याचे उत्तर जुलैअखेर मिळते. विम्याची मुदत संपत आलेली, दारात रांग आणि फायबर बंद. त्या संध्याकाळी ८० एमबीपीएस कुणालाच नको असतात. दोन एमबीपीएस चालतील, पण चालू हवेत. दुसऱ्या लाइनीची किंमत त्या संध्याकाळची आहे, आणि गिऱ्हाइकाशी बोलताना आपण सुरुवात तिथूनच करायला हवी होती.

पण मग त्या दोन लाइनी खरोखर दोन आहेत का, हे पाहणे आपले काम ठरते. याचा धडा आपल्याच तालुक्यात उभा राहतो आहे. औंढा नागनाथजवळ दुधाळ्याला लायगो-इंडियाची, गुरुत्वीय लहरी टिपणारी, वेधशाळा होणार आहे. केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल २०२३ मध्ये तिला अंतिम मंजुरी दिली. अमेरिकेत अशा दोन वेधशाळा आहेत, हॅनफर्ड आणि लिव्हिंगस्टन, एकमेकींपासून सुमारे ३,००० किलोमीटरवर. इतक्या दूर का? एकीजवळून ट्रक गेला, जमीन हलली, तर तो धक्का दुसरीला लागू नये म्हणून. १४ सप्टेंबर २०१५ ला गुरुत्वीय लहरीची खूण दोन्हीकडे उमटली तेव्हाच तिच्यावर विश्वास बसला. दोन्ही एकाच आवारात असत्या तर त्या दोन असूनही एकच ठरल्या असत्या.

आपल्या क्षेत्राने हा धडा किंमत मोजून शिकलेला आहे. १२ डिसेंबर १९८६ रोजी अमेरिकेत अर्पानेटचा न्यू इंग्लंडकडचा भाग तुटला. कागदावर तिकडे जाणाऱ्या सात लाइनी होत्या. सातही एकाच केबलमधून गेलेल्या होत्या आणि ती केबल तुटली. ३० जानेवारी २००८ ला अलेक्झांड्रियाजवळ समुद्राखालच्या दोन वेगळ्या केबली एकाच दिवशी तुटल्या आणि भारतातले इंटरनेट रखडले. भारतनेटचे गावापर्यंतचे फायबरही तालुक्यावरून एकेरी ओढलेले. ऑगस्ट २०२३ मध्ये मंजूर झालेल्या सुधारित कार्यक्रमात ते वर्तुळात बांधायचे ठरले, म्हणजे एका बाजूने तुटले तरी दुसऱ्या बाजूने वाट राहावी. देशपातळीवर ही अक्कल यायला, योजना मंजूर झाली त्या २०११ पासून मोजले तर, बारा वर्षे लागली. त्या मानाने आपण फार उशीर केलेला नाही.

तेव्हा जोडणीआधी पायी फिरून बघा. दोन ऑपरेटरांच्या केबली एकाच खांबावरून येतात का? रस्त्याकडेच्या एकाच चरातून? जेसीबी कंपनीचे नाव वाचून खोदत नाही. खोदण्यापूर्वी कळवण्यासाठी मार्च २०२३ पासून ‘कॉल बिफोर यू डिग’ हे सरकारी ॲप आहे, ते किती ठेकेदार उघडतात हे वाचकांनीच सांगावे. सिमचा राउटर ज्या टॉवरवर चालतो, त्या टॉवरपर्यंत फायबर येते की डिश, हेही विचारून ठेवा. टॉवरचे फायबर त्याच चरात असले तर हवेतली लाइनही जमिनीवरच्या लाइनीबरोबर जाते. आणि वीज. ओएनटी, दोन्ही राउटर यांना मिळून बारा व्होल्टचा छोटा यूपीएस लावला नाही, तर महावितरणच्या एका ट्रिपिंगमध्ये दोन्ही लाइनी हातात हात घालून जातात. एवढ्या-तेवढ्या खर्चासाठी हे राहून जाते, याचे आम्हाला नेहमी आश्चर्य वाटते.

शेवटची गोष्ट लाइन बदलण्याची. पुष्कळ राउटर फक्त समोरच्या पेटीला हाक देतात. पेटीने ‘ओ’ दिली की लाइन चालू समजतात. पण फायबर तुटते ते दोन किलोमीटर पलीकडे, पेटी तर जागीच असते आणि ‘ओ’ देत राहते. राउटर निर्धास्त आणि घरात नेट बंद. म्हणून हाक बाहेरच्या पत्त्याला द्यायला लावा: एका लाइनीवरून ८.८.८.८, दुसरीवरून १.१.१.१. लागोपाठ तीनदा उत्तर आले नाही तरच लाइन बदला, नाहीतर दर मिनिटाला इकडून तिकडे उड्या सुरू होतील.

जवळा बाजारच्या वर्गणीदाराने, आणि दोन लाइनी जोडून दिलेल्या प्रत्येकाने, जुलै उजाडण्याआधी एकदा गिऱ्हाइकाच्या घरी जाऊन वायर उपटून पाहावी. राउटरमागची लॅनची वायर काढून काही कळणार नाही. ओएनटीत शिरणारी फायबरची पॅचकॉर्ड काढा, तिच्या टोकाला डोळा लावू नका, टोपी घाला आणि घड्याळ पाहत बसा. चालू असलेला अर्ज टिकला की गेला आणि दुसरी लाइन किती सेकंदांत उभी राहिली, ते आम्हाला पोस्टकार्डावर कळवा.