'पोट साफ होते ना?' एवढ्यावरच आपले मलपरीक्षण संपते काय?

योगरत्नाकराने सांगितलेल्या अष्टविध परीक्षेत नाडी व मूत्र यांच्या पाठोपाठ मलाचे स्थान आहे, हे आपणां सर्वांस विद्यार्थिदशेपासून ठाऊक आहे. तरीही आजच्या चिकित्सालयांत नाडीला जो मान मिळतो त्याचा शतांशही मलाच्या वाट्यास येत नाही. नाडीवर शिबिरे भरतात, व्याख्याने होतात. मलासंबंधी मात्र 'पोट साफ होते ना?' हा एकच प्रश्न विचारला जातो आणि रुग्णाने नकारार्थी मान हलविताच केसपेपरवर रात्री घ्यावयाचे एखादे चूर्ण उतरते. आम्हांस हा प्रश्नच मुळात सदोष वाटतो.

'साफ' या शब्दाचा अर्थ प्रत्येक रुग्णाच्या मनात निराळा असतो. एकास रोज शौचास होते, परंतु अर्धा तास कुंथावे लागते व खडे पडतात. दुसऱ्यास दिवसातून तीन वेळा जावे लागते, मल चिकट व दुर्गंधी असतो, भांड्याला लिंपून राहतो आणि उठल्यावरही काहीतरी शिल्लक राहिल्याची भावना जात नाही. तिसऱ्यास एक दिवसाआड होते, विनासायास होते, भूक उत्तम आहे. केवळ 'रोज व्हायलाच हवे' असे घरच्यांनी सांगितल्यामुळे तो चिंतित आहे. तिघांचेही उत्तर एकच : 'साफ होत नाही'. यांपैकी पहिला वातप्रधान क्रूरकोष्ठी, त्याला स्नेहाची गरज. दुसरा साम, त्याला लंघन व दीपन-पाचनाची गरज. तिसऱ्यास कोणत्याच औषधाची गरज नाही. तिघांस एकच रेचक दिले तर पहिल्याची रूक्षता वाढते, दुसऱ्याचा अग्नी अधिकच मंदावतो आणि तिसरा, जो रुग्ण नव्हता, तो रुग्ण होतो.

म्हणून प्रश्न वेगळे हवेत. वेग आपोआप येतो की चहा-तंबाखूने आणावा लागतो? मल बांधलेला, सुटा की पाण्यासारखा? रंग कोणता? आव पडते का? वेग रात्री झोपेतून उठवतो का? हा शेवटचा प्रश्न फार थोडे वैद्य विचारतात. केवळ विषमाग्नीने किंवा मानसिक ताणाने होणारी तक्रार सहसा रुग्णाची झोपमोड करीत नाही. आंत्रात व्रण वा शोथ असेल तर मात्र करते. मलाचे स्वरूप सांगताना संकोचणाऱ्या रुग्णापुढे आम्ही ब्रिस्टॉल तक्ता ठेवतो. इंग्लंडातील ब्रिस्टॉल येथील संशोधकांनी 1997 साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासाने मलाचे सात आकार आणि मलाचा आंत्रातील प्रवासकाळ यांचा संबंध दाखविला. रुग्ण चित्रावर बोट ठेवतो आणि लज्जेचा प्रश्न मिटतो. परकीय म्हणून तो नाकारण्याचे आम्हांस कारण दिसत नाही; क्रूर, मध्य व मृदू कोष्ठाचे जे वर्णन आपण पाठ केले, त्याच्याच शेजारी तो ठेवता येतो.

जलनिमज्जन परीक्षेविषयीही दोन शब्द लिहिणे भाग आहे. साम मल बुडतो व पक्व मल तरंगतो, हे सूत्र आपण परीक्षेत लिहितो. परंतु चरकाने ग्रहणीचिकित्सेतच अतिद्रवता, अतिघनता, शैत्य व कफदुष्टी हे अपवाद जोडले आहेत, ते बहुधा विसरतो. अमेरिकेत लेव्हिट व ड्युएन यांनी 1972 साली असे दाखविले, की मल तरंगतो तो मुख्यत्वे त्यात अडकलेल्या वायूमुळे. तेव्हा मल तरंगला म्हणून रुग्णास 'निराम' ठरवून मोकळे होणे हे ना शास्त्राला धरून आहे, ना निरीक्षणाला. जिव्हा, क्षुधा, गौरव व गंध यांसह ही परीक्षा वाचावी. एकटी वाचू नये.

रंगाच्या बाबतीत मात्र आपले ग्रंथ आश्चर्य वाटावे इतके नेमके आहेत. शाखाश्रित कामलेत कफाने पित्ताचा मार्ग रोखला असता मल वाटलेल्या तिळासारखा पांढुरका होतो, हे चरकाचे निरीक्षण पित्तमार्गाच्या अवरोधाला आजही तंतोतंत लागू पडते. डोळे पिवळे, मूत्र गडद आणि मल मातकट-पांढरा, अशा रुग्णास कावीळ म्हणून केवळ काढा देऊन घरी पाठविणे योग्य नव्हे. सोनोग्राफी त्याच दिवशी व्हावी. अवरोध अश्मरीचा असू शकतो, अर्बुदाचाही. काळ्या मलाचे तसेच. मंडूर, लोहभस्म वा लोहाच्या गोळ्यांनी मल काळा होतो, त्यात भय नाही. परंतु डांबरासारखा काळा, चिकट, उग्र वासाचा मल आणि सोबत वेदनाशामक गोळ्यांचा इतिहास असेल तर तो आमाशय वा ग्रहणीतील रक्तस्राव समजावा.

आता ज्यासाठी हा लेखनप्रपंच. आमच्याकडे आलेले एक शेतकरी गृहस्थ, वय अठ्ठावन्न. दोन वर्षे दुकानातून स्वतःच चूर्ण घेत होते. मात्रा एका चमच्यावरून तीन चमच्यांवर गेली होती. अधूनमधून रक्त पडे. 'मूळव्याध आहे' हे निदान त्यांनी व शेजाऱ्यांनी मिळून केले होते आणि त्याच्या गोळ्याही त्याच दुकानातून मिळत होत्या. मल पूर्वीपेक्षा बारीक, पेन्सिलीसारखा येतो, हे विचारल्यावरच सांगितले. वजन घटले होते. गुदपरीक्षणात बोटाला कठीण गाठ लागली. पुढे बायोप्सीत मलाशयाचा कर्करोग निघाला. या दोन वर्षांत त्यांना कोणीही, दुकानात वा अन्यत्र, एकही प्रश्न विचारला नव्हता.

ही चूर्णे बहुतांशी सोनामुखीवर चालतात. ही वनस्पती बृहत्त्रयीत नाही. चरकाने सुखविरेचनास त्रिवृत् व मृदुविरेचनास आरग्वध श्रेष्ठ मानला आहे. सोनामुखी वाईट नव्हे, अल्पकाळ व योग्य कारणासाठी ती उपयुक्तच आहे. परंतु महिनोन्महिने घेतल्यास बृहदांत्राच्या अंतःत्वचेवर काळसर छटा येते (ती निरुपद्रवी असून औषध बंद केल्यावर मावळते, पण दीर्घ सेवनाची साक्ष देते) आणि अतिमात्रेत पोटॅशियम घटते. मूत्रल किंवा हृदयाची औषधे घेणाऱ्या वृद्धास हे घातक ठरू शकते. कृश रुग्णाबाबत तर आपल्याच शास्त्राची ताकीद आहे : राजयक्ष्म्यात धातू क्षीण झाले असता रुग्णाचे बल मलावर टिकून असते, म्हणून मलाचे रक्षण करावे. वाळत चाललेल्या वृद्धाचे 'पोट साफ' करणाऱ्यांनी हे वाचावे.

औषधी दुकानदार बंधूंना आमचे विशेष सांगणे आहे. जयपाल, दंती ही द्रव्ये अनुसूची ई-1 मध्ये असल्याने त्यांच्या कल्पांच्या वेष्टनावर वैद्यकीय देखरेखीची सूचना छापलेली असते. सोनामुखीच्या डब्यावर तिची सक्ती नाही, आणि आयुर्वेदीय औषधांच्या विक्रीस वेगळा परवानाही लागत नाही. म्हणजे रुग्ण व रेचक यांच्यामध्ये उभा असतो तो केवळ दुकानदार. दर महिन्यास तोच डबा नेणारे गिऱ्हाईक त्यास नावानिशी ठाऊक असते, जे वैद्यास कधीच ठाऊक होत नाही. किती दिवसांपासून घेता, रक्त किंवा काळा मल दिसतो का, वजन उतरले का, एवढे विचारण्यास एक मिनिट पुरते. 'हो' आले तर डबा न देता वैद्याकडे पाठवावे. एका डब्याची विक्री बुडेल, हे खरे.

वैद्यांनीही आपले काम करावे. पन्नाशीनंतर मलप्रवृत्तीत नव्याने झालेला व टिकून राहिलेला बदल, आणि कोणत्याही वयात मलातील रक्त, यांवर गुदपरीक्षण केल्यावाचून अर्शाची चिकित्सा सुरू करू नये. अर्श दिसले तरी वर दुसरे काही नाही असे गृहीत धरू नये. गरजेनुसार कोलोनोस्कोपीसाठी पाठवावे. संघटनेने सभासदांसाठी केसपेपरचा जो नमुना छापावा, त्यात नाडीच्या रकान्याएवढाच मोठा रकाना मलासाठी असावा, असा ठराव आम्ही आगामी सर्वसाधारण सभेपुढे मांडणार आहोत. अनुमोदनासाठी सभासदांनी आपली नावे कार्यवाहांकडे कळवावीत.